उपकेंद्रात नैराश्यासाठी गटबैठका घ्यायच्या आहेत, मदत हवी आहे (अमळनेर भाग)

नमस्कार मंडळी. अमळनेर तालुक्यातल्या एका उपकेंद्रावर मी सीएचओ (समुदाय आरोग्य अधिकारी) आहे. आशांसोबत, बचत गटांत किंवा मानसिक आरोग्याच्या कार्यक्रमात ज्यांनी काम केलंय त्यांनी कृपया शेवटपर्यंत वाचा.

ओपीडीत ठरावीक बाया पुन्हा पुन्हा येतात. डोकं दुखतं, हातपाय गळून जातात, झोप नाही, "मॅडम, कशातच जीव लागस नही". बीपी ठीक, हिमोग्लोबिन ठीक. कॅल्शियमच्या गोळ्या नेतात आणि परत येतात. पीएचक्यू-९ (नैराश्य मोजायची नऊ प्रश्नांची यादी, गुण जास्त तितका त्रास जास्त) चे प्रश्न विचारले की २७ पैकी १४-१५ गुण सहज निघतात. सिव्हिलला मानसोपचारतज्ज्ञांकडे जा म्हटलं तर दिवसाची मजुरी बुडते, वर "ती येडासनी गोळी शे" ही धास्ती.

गटात बसून बोलण्यातून नैराश्यावर उपचार करण्याच्या युगांडातल्या कामाबद्दल वाचलं. ३० गावांतला अभ्यास, २००३ साली प्रसिद्ध झालेला. बायांचे गट वेगळे, पुरुषांचे वेगळे, आठवड्यातून एकदा दीड तास, १६ आठवडे. गट चालवणारे डॉक्टर नव्हते, दोन आठवड्यांचं प्रशिक्षण घेतलेली तिथलीच माणसं होती. गोळ्यांशिवाय नैराश्य खूप कमी झालं. जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ मध्ये याच पद्धतीची आठ बैठकांची पुस्तिका काढली, ती फुकट मिळते. बोलणं चार गोष्टींभोवती फिरतं: जवळचं माणूस जाणं, घरातले वाद, आयुष्यात झालेला मोठा बदल, एकटेपणा. माझ्याकडे येणारी प्रत्येक बाई यातल्या कुठल्या ना कुठल्या खान्यात बसतेच, काही तर दोन-तीन खान्यांत.

पद्धत शिकता येईल. अडतंय ते गावात.

गट चालवायचा कोणी? आशाताईंच्या डोक्यावर आधीच सर्व्हेंचा ढीग आहे. सीबॅक फॉर्ममध्ये (आशा घरोघरी भरतात तो आजारांच्या जोखमीचा फॉर्म) उदासीचे दोन प्रश्न आहेत, तेही घाईत "नाही, नाही" करून भरले जातात, आणि मी त्यांना दोष देणार नाही. ओसरीवर सासूसमोर कोणती सून हो म्हणेल? एमओ (वैद्यकीय अधिकारी) सरांनी सुचवलं की तयार बचत गटच वापरा. मला ते पटत नाही. तिथे कर्ज देणारी, हप्ता थकलेली आणि अध्यक्षीण एकाच सतरंजीवर असतात. तिथे मन मोकळं करायचं म्हणजे पुढच्या हप्त्याला टोमणा ठरलेला.

दुसरं, गुप्तता. अर्धं गाव भाऊबंद आहे. कोण कोणत्या बैठकीला गेली हे संध्याकाळपर्यंत पिठाच्या गिरणीवर कळतं.

तिसरं, वेळ. दसऱ्यापासून कापूस वेचणी, ती संक्रांतीपर्यंत पुरते. मग लग्नसराई. सलग आठ आठवडे बायांना बसवायचं कधी?

शासकीय यंत्रणेत राहूनच हे करायचंय. संस्थेचा प्रकल्प आला, निधी संपला, बोर्ड उरला, असं नको. कोणी केलंय का?

प्रतिसाद १ (तापीकाठचा): मी आरोग्य खात्यातून निवृत्त झालोय. आधी लेखी परवानगी. तालुका आरोग्य अधिकाऱ्यांना अर्ज द्या, प्रत जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाच्या पथकाला. त्या पथकात मानसशास्त्रज्ञ आणि समाजसेवकाची पदं असतात, त्यांना महिन्यातून एकदा तुमच्या गटाचा आढावा घ्यायला सांगा. बैठक आयुष्मान आरोग्य मंदिराचं (म्हणजे तुमच्या उपकेंद्राचंच) वेलनेस सत्र म्हणून नोंदवा. सतरंजी-चहाचा विषय जन आरोग्य समितीपुढे (उपकेंद्राची गावपातळीवरची समिती) ठेवा. कागदावर आलं की बदली झाली तरी पुढचा माणूस चालू ठेवतो. निदान ठेवू शकतो.

प्रतिसाद २ (रावेरकर): ताई, पीएचक्यू-९ चा नववा प्रश्न विसरू नका, मरणाच्या विचारांचा. त्यावर शून्याच्या वर काही आलं तर बाईला नुसतं गटात बसवून थांबू नका. त्याच दिवशी एकटीशी बोला, एमओंना कळवा, घरात फवारणीचं औषध कुठे ठेवलंय ते विचारा आणि ते कुलपात जाईल असं बघा. टेली मानसचा (सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन) १४४१६ नंबर तिच्या फोनमध्ये स्वतः टाकून द्या, मराठीत बोलता येतं. मारहाणीचं निघालं तर महिला हेल्पलाइन १८१. आणि सासू-सून एका गटात नको, जावा-जावाही नको.

मूळ लेखिका: दोघांचे आभार. नवव्या प्रश्नाचं काम उद्याच एमओ सरांशी बोलून लेखी ठरवते. गटासाठी दोन गावांतल्या बाया एकत्र करून उपकेंद्रातच बसवावं असं वाटतंय, बीपी-शुगरच्या तपासणीच्या दिवशी, म्हणजे कोण कशाला आलं ते कळणार नाही. वेळ संक्रांत ते होळी. आठ बैठका कशाबशा बसतात.

गट मी स्वतः चालवायचा की आशा गटप्रवर्तकांपैकी (आशांच्या कामावर देखरेख करणाऱ्या) कोणाला शिकवायचं, हे अजून सुटलेलं नाही. माझ्यासमोर बाया "मॅडम" म्हणून जपून बोलतात. गटप्रवर्तकांना यासाठी वेगळा मोबदला मिळवून दिलाय असं कोणी असेल तर प्रस्ताव खर्चाच्या कोणत्या शीर्षाखाली टाकला ते कृपया इथे लिहा.