घोड्यांवर शेती आणि दोन-तीन जर्सी गायी, घरापुरती डेअरी. जमेल का? (अपस्टेट न्यू यॉर्क)

मोहॉककाठ

नमस्कार मंडळी, प्रश्न जरा येडपट वाटेल पण सिरियस आहे. अल्बनीच्या पश्चिमेला, फोर्ट प्लेनच्या बाजूला ४० एकराची जुनी डेअरी घ्यायचं आमचं जवळजवळ ठरलंय. २२ एकर गवताचं रान, ८ एकर नांगरटीची जमीन, बाकी झाडी आणि एक ओढा. लाकडी बार्न अजून धड उभं आहे, वर गवताचा माळा, खाली गायींच्या दावणी. आजूबाजूला अमिश लोकांची (वीज-मोटारी टाळणारा जुन्या वळणाचा ख्रिस्ती पंथ) शेतं आहेत, ते सगळं घोड्यांवर करतात आणि जातायेता ते बघून बघून माझ्या डोक्यात किडा शिरलाय की आपणही ट्रॅक्टर न घेता घोड्यांची एक जोडीच का ठेवू नये.

धंदा नाही करायचा. बायकोचा रिमोट जॉब चालू राहणार, मी माझा सोडणार. दोन-तीन जर्सी, दोन घोडे, कोंबड्या, भाजीपाला, घरचं दूधतूप, थोडा मका आणि ओट्स, आणि उरलेलं दूध दारावर विकून घोड्यांचा खर्च निघाला तरी बास. लहानपण फलटणकडे गेलंय, घरी बैल होते, धार काढता येते, औत धरलेलं आहे. घोड्याचा अनुभव मात्र शून्य, लग्नात बसलो होतो तेवढाच. एवढ्या रानात दोन घोडे आणि तीन गायींचं वर्षभर भागेल का, आणि सुरुवात कुठून करायची? मुलं १३ आणि १० वर्षांची आहेत, दोघंही एका पायावर तयार आहेत (सध्या तरी).

सरळमार्गी

एवढं कशाला, ३०-३५ हॉर्सपॉवरचा जुना ट्रॅक्टर घ्या लोडरसकट. काम नसेल तेव्हा तो खात नाही. घोडे हौशीसाठी ठेवायचे असतील तर ठेवा पण मग त्याला हौस म्हणा, स्वयंपूर्ण वगैरे नको.

ओहायोतला_डॉक्टर

मी मोठ्या जनावरांचा डॉक्टर आहे, माझे निम्मे गिऱ्हाईक अमिश आहेत त्यामुळे या विषयावर थोडं लांबण लावतो.

आधी तुमच्या रानाचा हिशोब. बेल्जियन किंवा पर्शेरॉन, म्हणजे औताच्या जड जातीचा घोडा ८०० किलोच्या आसपास भरतो, थंडीत रोज १६ ते २० किलो वाळलं गवत सहज संपवतो. तुमच्याकडे ऑक्टोबरच्या मध्यापासून मेच्या मध्यापर्यंत दावणीला घालावं लागणार, म्हणजे धरा २०० दिवस. दोन घोड्यांना सात टन, तीन जर्सींना साधारण तेवढंच किंवा थोडं जास्त, वर कालवडी आणि नासधूस धरून १८-२० टनाची गंजी लागेल. त्या भागात साध्या गवताच्या रानातून एकरी दोन टन निघायला हरकत नाही, म्हणजे दहाएक एकर कापायला आणि उरलेलं चरायला. रान पुरतंय. प्रश्न रानाचा नाही, जूनमध्ये पावसाने तीन दिवस उघडीप दिली की त्याच तीन दिवसांत कापून, पसरून, वाळवून, ओढून माळ्यावर टाकायचं, तिथे माणसं आणि घोडे दोघांचा कस लागतो. गवत ओलं राहिलं तर माळ्यावर तापतं, बुरशी धरते, आणि गाय एकवेळ बुरशीचं गवत निभावून नेईल पण घोडा नाही नेणार.

दुसरं जे बैलांच्या घरातून आलेल्या माणसाला पटकन लक्षात येत नाही ते हे की घोडा म्हणजे वेगात चालणारा बैल नव्हे. बैल रवंथ करतो, घोडा करत नाही आणि घोड्याला ओकताही येत नाही. पोटात जे गेलं ते पुढेच सरकणार नाहीतर अडकणार. रात्री ओट्सच्या पिंपाचं झाकण उघडं राहिलं आणि घोडा सुटला तर सकाळी पोटशूळ तरी नाहीतर दोन-तीन दिवसांत पाय धरून बसलेला घोडा तरी. पिंपाला कडी लावा, आणि दाराला वेगळी लावा.

आणि आता सगळ्यात महत्त्वाचं, हे प्लीज घरातल्या सगळ्यांना वाचून दाखवा. गायींच्या तयार खाद्यात बरेचदा मोनेन्सिन नावाचं औषध घातलेलं असतं. गायीला ते चालतं, २००४ पासून इथे दुभत्या गायींनाही परवानगी आहे. घोड्याला तेच अगदी थोडं पोटात गेलं तरी हृदयाचे स्नायू जातात आणि त्यावर उतारा नाही. गायी आणि घोडे एका छपराखाली ठेवणाऱ्यांच्या घरात हा अपघात होतो, कारण मुलं एकच घमेलं आणि एकच बादली दोन्हीकडे फिरवतात. एक तर मोनेन्सिन नसलेलंच खाद्य आणा, पिशवीवरची चिठ्ठी दर वेळी वाचा, आणि भांडी दोन रंगांची ठेवा. आपल्याकडे पेंडीचं पोतं फोडून अंदाजाने ओतायची सवय असते ती इथे मोडावी लागेल.

जर्सीबद्दल एकच. दूध गोड, फॅट पाचच्या आसपास, स्वभाव गरीब, पण व्याल्यावर मिल्क फीवर (रक्तातलं कॅल्शियम एकदम उतरणं) होण्यात जर्सी पुढे. व्यायल्यानंतर पहिले दोन दिवस गाय लडखडायला लागली, कान गार लागले की सकाळपर्यंत वाट बघायची नाही. मोठ्या जनावरांचे डॉक्टर सगळीकडे कमी झालेत, त्यामुळे जमीन घ्यायच्या आधी सगळ्यात जवळचा डॉक्टर किती लांब आहे ते विचारून ठेवा. विहिरीचं पाणी तपासता ना, तसंच हे.

लँकेस्टरची_काकू

अरे मोहॉककाठ, तुझ्या वयाचा माझा मुलगा असता तर आधी वेड्यात काढलं असतं आणि मग बघायला आले असते! आम्ही २० वर्षांहून जास्त काळ पेनसिल्व्हेनियातल्या लँकेस्टर काउंटीत आहोत, शेजारी अमिश डेअरी, दूध तिथूनच. लोकांना वाटतं अमिश म्हणजे सगळं हाताने, कंदिलाच्या उजेडात. तसं नाहीये रे. धार मशीननेच काढतात, फक्त व्हॅक्यूम डिझेल इंजिनवर चालतो. १९६० च्या दशकाच्या शेवटी दूध कंपन्यांनी सांगितलं की कॅनमधलं दूध नको, गार करणारी टाकी पाहिजे, तेव्हा इथल्या अमिश बिशप मंडळींनी (धर्मगुरूंनी) बसून तोडगा काढला की टाकी डिझेलवर चालवा, आतलं ढवळायचं पातं १२ व्होल्टच्या बॅटरीवर, आणि रविवारी दूध न्यायला गाडी यायची नाही. ओहायोत वगैरे जे जास्त जुन्या वळणाचे आहेत ते अजून कॅन ठेवतात आणि ते दूध चीजला जातं.

सांगायचा मुद्दा असा की घोडा गवत कापेल, शेणखत पसरेल, लाकडं ओढेल, पण दूध गार करणार नाही. पिण्याचं म्हणून विकायचं दूध धार संपल्यापासून दोन तासांच्या आत ७ डिग्रीच्या खाली जायला पाहिजे असा इथला नियम आहे. तुला कोणाच्या बिशपची भीती नाही तर सरळ वीज वापर आणि चांगला कूलर घे, त्यात कमीपणा मानू नको. आणि न्यू यॉर्कमध्ये कच्चं दूध विकायला परमिट लागतं, तेही फक्त स्वतःच्या शेतावर, थेट गिऱ्हाइकाला, पाटी लावून. दुकानात ठेवता येत नाही. दही, चक्का, तूप विकायचं प्रकरण तर अजून वेगळं, घरच्या स्वयंपाकघरातून जमत नाही. आपली देशी मंडळी तूप मागतच येणार आणि तुला नाही म्हणताना जीवावर येणार, आत्ताच सांगून ठेवते. घरासाठी कर ना लागेल तेवढं! २० लिटर जर्सीच्या दुधाचं किलोभर तूप सुटतं साधारण, म्हणजे तीन गायी भरात असताना घरात तुपाच्या बरण्या ठेवायला जागा उरणार नाही. ताक कोंबड्यांना आणि डुकराला. डुक्कर पाळणार नाहीस तर ताकाचं काय करायचं ते ठरव, रोजची बादलीभर कढी कोण पिणार?

अजून एक, आमच्याकडे शेतात बरेच जण घोडे नाही तर खेचरं जुंपतात. उन्हाळ्यात खेचर जास्त टिकतं आणि पोट फुटेस्तोवर खात नाही, स्वतःचं स्वतःला कळतं त्याला. बग्गीला जे सडपातळ घोडे दिसतात ते वेगळे, शर्यतीतून निवृत्त झालेले स्टँडर्डब्रेड. ते बघून नांगराचा अंदाज बांधू नको.

आटपाडीचा_खिल्लारवाला

मोहॉककाठ दादा, फलटणचे म्हणता आणि बैलं सोडून घोड्याच्या मागं लागलाय, काय हे 🙂 मला अमेरिकेचं काय कळत नाही पण बैल तिकडं मिळत नाहीत का? बैल कडब्यावर राहतो, त्याला ओट्सबिट्स लागत नाहीत, नाल मारला तर मारला. घोड्याला खुराक चुकला की घोडा उतरतो असं आमच्याकडं टांगेवाले म्हणायचे. आणि खिल्लार जोडी चालायला घोड्याला काय कमी नाही, पण वर्षभर रोज खरारा, रोज नजर हे बैलाला कमी लागतं. घोड्याला वशिंड नाही मग जू कुठं ठेवता? गळ्यात ते जाड कडं घालतात ते खांद्यावर नीट बसलं नाही तर खांदा येणार, म्हणजे सुजून सोलणार, आणि एकदा खांदा आला की हंगाम गेला समजा. आम्ही बेंदराच्या आदल्या दिवशी हळद-तूप लावून खांदेमळणी करतो ती काय नुसती पूजा नाही.

मोहॉककाठ

सगळ्यांचे आभार, काकू तुमचं ताकाचं गणित बायकोने दोनदा वाचलं आणि माझ्याकडे बघितलं.

खिल्लारवाले, बैल इथेही आहेत, न्यू इंग्लंडमध्ये अजून जोड्या ठेवतात, पण त्यांची वशिंडं नसतात म्हणून मानेत लाकडी कमान अडकवलेलं जू असतं. खरं सांगायचं तर बैलांचाही विचार केला, पण गवत कापायचं यंत्र चाकाच्या फिरण्यावर चालतं, त्याची पाती नीट चालायला सलग चांगली चाल लागते, आणि शेजारी शिकवणारे सगळे घोडेवाले. मोडलं तर दुरुस्त करणाराही घोड्याच्या अवजारांचाच.

सरळमार्गी, ट्रॅक्टरचा मुद्दा मान्य आहे पण ८ एकर नांगराला आणि १० एकर गवताला ट्रॅक्टरही वर्षातले बहुतेक दिवस उभाच राहणार ना.

डॉक्टर, दोन शंका. पहिली, शिकलेली जोडी घ्यायची की स्वस्तातली तरुण शिंगरं घेऊन मुलांबरोबर वाढवायची? दुसरी, आधी गायी की आधी घोडे?

सरळमार्गी

उभा राहू द्या की, उभ्या ट्रॅक्टरला रोज ४० लिटर पाणी पाजायला लागत नाही, तेही उणे २० मध्ये बर्फ फोडून. बाकी तुमची मर्जी. जमलं तर फोटो टाका.

ओहायोतला_डॉक्टर

नवशिका माणूस आणि नवशिकं शिंगरू ही जोडी दवाखान्यात संपते, बहुतेक वेळा माणसांच्या. १२-१५ वर्षांची, सगळ्या अवजारांना जुंपलेली, रस्त्यावर ट्रक गेला तरी कान न हलवणारी जोडी बघा. घोडी असतील तर पुढे मागे शिंगरूही मिळेल, गाभणकाळ ११ महिने. चांगली मुरलेली जोडी पाच आकडी डॉलरमध्ये जाते, हे ऐकून स्वस्तातल्या लिलावाकडे वळू नका. ओहायोत माउंट होपला किंवा इंडियानात टोपीकाला वर्षातून मोठे लिलाव होतात, बघायला जरूर जा, पण पहिली जोडी तिथे रिंगणातल्या दोन मिनिटांवर घेऊ नका. ज्याची जोडी आहे त्याच्या शेतावर जाऊन त्याच्याकडून जुंपून घ्या, मग स्वतः जुंपा, मग अर्धा दिवस हाका. विकणारा कुरकुरला तर निघून या.

खिल्लारवाल्यांनी खांद्याचं अगदी बरोबर सांगितलं. ते जाड कडं म्हणजे कॉलर, ती गळ्यात घातल्यावर खाली नरड्यापाशी तळहात सपाट जाईल एवढी फट पाहिजे, जास्तही नको आणि कमीही नको. मार्चमध्ये हिवाळ्याची चरबी अंगावर असताना बसणारी कॉलर जूनमध्ये ढिली होते, खाली गादी घालावी लागते. आणि कामाला एकदम लावू नका, वसंतात आधी शेणखत, मग कुळवणी, मग नांगर. एक फुटी तासाने एक एकर नांगरायचं म्हणजे १३ किलोमीटर चालणं, घोड्यालाही आणि मागे तुम्हालाही. दोन घोड्यांनी दिवसाला एक, फार तर दीड एकर.

अजून एक, कामाच्या दिवशी ४-५ किलो ओट्स खाणारा घोडा सुट्टीच्या दिवशी तेवढेच खाऊन उभा राहिला तर दुसऱ्या दिवशी जुंपल्यावर थोड्याच वेळात मागच्या मांड्या दगडासारख्या होतात, घामाघूम होतो, लघवी कॉफीच्या रंगाची. जुने लोक याला सोमवारचा आजार म्हणायचे, कारण रविवारी सुट्टी. तसं झालं तर तिथेच थांबवायचा, ओढत घरी आणायचा नाही, आणि मला नाही, तुमच्या जवळच्या डॉक्टरला फोन. सुट्टीला दाणा निम्म्याहून कमी करा आणि मोकळा सोडा.

गायी आधी. एक गाभण जर्सी या वसंतात आणा, पहिल्या वर्षी गवत शेजाऱ्याकडून भाड्याने कापून घ्या, दिवसातून दोनदा धार, हिवाळा, व्यायणं, भाकडकाळ हे एक चक्र घरातल्या चौघांना पचतंय का बघा. त्या हिवाळ्यात शेजाऱ्याकडे लाकडं ओढायच्या कामाला जा आणि कासरा हातात धरायला मागा. वर्ग पाहिजे असेल तर मिशिगनमध्ये स्कॉट्सला टिलर्स इंटरनॅशनल घोडे आणि बैल दोन्हींचे शिकवतात.

लँकेस्टरची_काकू

आणि न्यू जर्सीकडे आलास तर मर्सर काउंटीत हॉवेल फार्म आहे, १९०० च्या आसपासची शेती घोड्या-बैलांवर करून दाखवतात, मुलांना नक्की ने. जुलैच्या सुरुवातीला हॉर्स प्रोग्रेस डेज असतात दरवर्षी, राज्य बदलत असतं, तिथे सगळी नवी घोड्याची अवजारं चालवून दाखवतात. गर्दी असते, टोपी आणि पाणी घेऊन जा.

मोहॉककाठ

ठरलं मग, आधी गाय. शनिवारी शेजाऱ्याकडे जाऊन त्याच्या गवताच्या कापणीचा दर विचारतो आणि डॉक्टर किती मैलावर आहे तेही. खिल्लारवाले, खांदेमळणीला तूप घरचंच असेल.

आटपाडीचा_खिल्लारवाला

दादा हळद आम्ही पाठवतो, सांगलीची. गायीला नाव मात्र मराठी ठेवा.