'फायरमन'ला मराठीत काय म्हणायचं?

फोंड्याची वाचक: रे ब्रॅडबरीच्या 'फॅरनहाइट ४५१' (१९५३) मधला थोडा भाग वाचनमंडळासाठी मराठीत करतेय. यातले फायरमन पुस्तकं जाळतात. क्लॅरिस नावाची मुलगी माँटॅग या फायरमनला विचारते, पूर्वी फायरमन आग लावायला नाही, विझवायला जायचे, हे खरं का? 'अग्निशामक' लिहिलं की प्रश्नच निकाली निघतो, 'शमन' त्यातच आलं. एक सर म्हणतात, प्रमाण शब्द तोच, तोच वापर. मला पटत नाही.

डिचोलीकर: ताई, बंबवाला लिहा. आगीचा बंब आला, असंच आपण म्हणतो. शब्दही आपल्या गोव्यातूनच गेला असणार. पोर्तुगीजमध्ये बोंबा म्हणजे पंप.

सांग्याचे मास्तर: घाटावरच्या वाचकाला बंब म्हटलं की न्हाणीघरातला, पाणी तापवायचा बंब आठवेल. आपण त्याला भाण म्हणतो म्हणून आपल्याला खटकत नाही. अग्निशामकच ठेवा. नाव विझवण्याचं, काम जाळण्याचं, हाच कादंबरीचा गाभा. त्यांच्या नियमपुस्तिकेत पहिला फायरमन बेंजामिन फ्रँकलिन, १७९० साली, इंग्रजी वळणाची पुस्तकं जाळायला नेमलेला! खऱ्या फ्रँकलिनने १७३६ मध्ये फिलाडेल्फियात आग विझवणारं पथक काढलं होतं.

फोंड्याची वाचक: पण सर, नावातच उत्तर असेल तर क्लॅरिस विचारेल कशाला? मूळ शब्दात नुसती आग आहे.

कुळेकर: फायरमनच ठेवा. आमचे आजोबा मुरगाव-कॅसलरॉक लायनीवर फायरमन होते. कुळ्याहून घाट चढताना इंजिनात कोळसा मारायचे, हातावरचे केस कायम करपलेले. आमच्या घरात फायरमन म्हणजे आग पेटती ठेवणारा.

सांग्याचे मास्तर: घरात रुळलं ते सगळं छापायचं, तर कोश कशाला हवेत?

डिचोलीकर: मास्तर, फादर स्टीफन्स जन्माने इंग्रज, आणि 'ख्रिस्तपुराण' लिहिलं मराठीत. राशोलला १६१६ मध्ये छापलं. त्या छपाईची एकही प्रत आज सापडत नाही, तरी ओव्या लोकांच्या तोंडी राहिल्या. ब्रॅडबरीच्या कादंबरीच्या शेवटीही माणसं पुस्तकं पाठ करूनच जपतात.

सांग्याचे मास्तर: तोंडी राहिल्या असतील, पण आपल्या हाती आलं ते हस्तलिखितांमुळे. कुणीतरी बसून अक्षर न् अक्षर उतरवून घेतलं म्हणून.

कुळेकर: उतरवून घेणाऱ्याला तरी ओवी आवडली म्हणूनच ना? आमची आजी निरक्षर होती, पण अख्खा हरिपाठ म्हणायची.