गिटारच्या कडेला प्लॅस्टिकऐवजी पोफळीची पट्टी, कोणी केलीय का?

खाडीकाठ_कळवा
नमस्कार मंडळी, घरच्या गॅलरीतच गिटार बनवतोय, दुसरीच आहे. पहिलीला सफेद प्लॅस्टिकचं बाइंडिंग, म्हणजे कडेची पट्टी, लावलेलं, दोन वर्षांत आक्रसलं आणि कमरेच्या वळणावर सुटलं, आता नख घातलं की टक् टक् वाजतं. या वेळी प्लॅस्टिक नकोच. गावचं घर उतरवलं तेव्हा चुलीवरच्या माळ्याच्या पोफळीच्या रिपा निघाल्या त्यातल्या दोन घेऊन आलोय, धूर खाऊन वरून काळ्याठिक्कर, पण रंधा मारला तर आत तपकिरी रंगात काळे धागे धागे, इतकं सुंदर की मी अर्धा तास नुसता बघत बसलो. आजोबांनी घातलेला माळा आहे, तो गिटारच्या कडेला यावा असं मनापासून वाटतंय. प्रॉब्लेम असा की २ मिमीची पट्टी काढून गरम पाइपवर वळवली तर कमरेला येताच धागे सुटून फाटली, तीनदा. पोफळ, माड, बांबू, करवंटी, शिंग, कोणी काय वापरलंय?

ऐरोली_तारवाला
पोफळ आणि माड हे आपल्या शिसवासारखं लाकूड नाहीच मुळात. वर्षाची वलयं नसतात, कडक धागे आणि मधे मऊ भुसभुशीत गर, म्हणून वळवताना गर सुटतो आणि धागे वेगळे होतात. रीप बाहेरच्या सालीकडून काप, तिथे धागे दाट असतात. २ मिमी विसर, १ मिमीच्या आत आण, मागे व्हिनियर, म्हणजे लाकडाचा कागदासारखा पातळ पापुद्रा, चिकटव, आणि वळवताना बाहेरून पातळ स्टीलचा पत्रा धरून दोन्ही एकदम वळव, ताण पत्रा घेतो. पाइपवर पाण्याचा थेंब टाकून बघ, नाचत उडाला की तापलाय. चिकटवल्यावर सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्या कापून सगळी बॉडी गुंडाळून ठेव, टेपपेक्षा घट्ट बसतं.

घणसोली_६तारी
करवंटी मी वापरलीय पण कडेला नाही, साउंडहोलभोवती, म्हणजे पुढच्या गोल भोकाभोवती. करवंटी गोल, लांब पट्टी निघतच नाही, नखाएवढे तुकडे घासून सपाट करून लावावे लागतात, पॉलिश केल्यावर मात्र शिंगासारखी चमकते. म्हशीचं शिंग तापवलं की छान वळतं, फक्त केस जळल्यासारखा वास घरभर, दारं उघडी ठेवा. हरणाचं शिंग कोणी देतो म्हणालं तर हात लावू नका, गळून पडलेलं असलं तरी, १९७२ च्या वन्यजीव कायद्यात त्याचा व्यापार बंद आहे. बांबू घेणार असाल तर आधी बोरॅक्स-बोरिकच्या पाण्यात मुरवा, आतला स्टार्च खायला भुंगा येतो आणि पावसाळ्यात पीठ पडायला लागतं.

तंबोरा_प्रेमी
वळतच नसेल तर वळवूच नका ना! सतारीच्या कडेची जुनी नक्षी बघा, हस्तिदंत किंवा शिंगाचे छोटे छोटे तुकडे जोडलेले असायचे, आता त्या जागी सेल्युलॉइड, म्हणजे एक प्रकारचं प्लॅस्टिक, आलंय. मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला २०२४ मध्ये जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालं, तिथल्या कारागिरांचे हात एकदा जाऊन बघाच. मार्टिन कंपनीच्या डी-४५ गिटारची कडेची अबलोनी शिंपल्याची ओळ पण तुकड्यातुकड्यांचीच असते, सांधे दिसत नाहीत इतकंच. कमरेपुरते तुकडे आणि बाकी अखंड पट्टी, असंही चालेल की.

खाडीकाठ_कळवा
सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री ऐरोलीकरांनी सांगितलं तसं केलं, ०.८ मिमी, मागे व्हिनियर, बाहेरून पत्रा. कमरेचं वळण आलं!! एका ठिकाणी दोन धागे उठलेत तिथे पातळ फेविक्विक सोडून दाबून ठेवलंय, सकाळी पॉलिश पेपर मारला तर सपाट लागलं. आता दुसऱ्या बाजूची पट्टी, पण रीप एकच उरलीय म्हणून हात थोडा थरथरतोय, रविवारी सगळी सवड काढूनच बसणार.