ट्रू ब्लू म्हणजे एकनिष्ठच ना? मग नवऱ्याबद्दल म्हटलेलं चालते का?

बर्डीवाली:
नमस्कार मंडळी, आमच्या जाऊबाई-भासऱ्यांच्या लग्नाला २५ वर्षं होऊन राहिली, कार्यक्रमात मला इंग्रजीत चार ओळी बोलायच्या आहेत. भासरेंसाठी ट्रू ब्लू हजबंड म्हणावं वाटते पण मुलगी म्हणते आई ते विचित्र लागते. डिक्शनरीत तर एकनिष्ठ असाच अर्थ आहे. आणि निळाच रंग काहून? आपल्याकडे निळा म्हटलं की आधी दीक्षाभूमी आठवते, त्याच्याशी काही संबंध आहे का?

इतवारीकर:
ताई, मुलगी बरोबर म्हणते. ट्रू ब्लू जास्त करून पार्टी, टीम, दोस्ती, विचार याला धरून राहणाऱ्या माणसाला म्हणतात. २०१८ ला विदर्भानं पहिल्यांदा रणजी जिंकली तवापासून फॅन खूप झाले, पण टीम हरत होती तवाबी जो तिचाच होता तो ट्रू ब्लू विदर्भ फॅन. आता फेथफुल हजबंड म्हणाल तर तेही नको, ऐकणाऱ्याच्या मनात पहिले लफडं नसलेला नवरा असंच येते, २५ व्या वाढदिवसाला ते कशाला पाहिजे. डिव्होटेड म्हणा, त्यात माया आहे.

संत्रानगरी:
रंगाचं सांगतो. इंग्लंडात कोव्हेंट्री शहरातले रंगारी जुन्या काळी निळ्या कापडासाठी नावाजलेले होते, कितीबी धुतलं तरी त्यांचा रंग उतरत नाही असा लौकिक, त्यावरूनच हा शब्द आला असं बहुतेक सांगतात. पुढे १७ व्या शतकात स्कॉटलंडच्या कव्हेनंटर लोकांनी, म्हणजे चर्चमध्ये राजाची ढवळाढवळ न मानणाऱ्या प्रोटेस्टंटांनी, राजाच्या लाल रंगासमोर निळा घेतला आणि आपलं धर्ममत सोडलं नाही, त्यानं तो अजून पक्का झाला. दीक्षाभूमीचा याच्याशी संबंध नाही. १९४२ ला बाबासाहेबांनी आपल्या नागपुरातच शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशन काढलं त्याचा झेंडा निळा, तो इतिहास आपला स्वतःचा आहे आणि तो वेगळाच सांगितला पाहिजे, इंग्रजी म्हणीला जोडू नये.

धरमपेठ_टीचर:
अजून एक, देश पाहून वापरा. ब्रिटनमध्ये ट्रू ब्लू म्हटलं की कट्टर कॉन्झर्व्हेटिव्ह पार्टीवाला, ऑस्ट्रेलियात अस्सल ऑस्ट्रेलियन, आणि अमेरिकेत साधा भरवशाचा माणूस. बर्डीवाली ताई, जाऊबाईंसोबत तुमचं मैत्रिणीसारखं असेल तर त्यांना ट्रू ब्लू फ्रेंड बिनधास्त म्हणा, तिथं ते एकदम शोभते. छापायला देत असाल तर फ्रेंडच्या आधी येते म्हणून ट्रू आणि ब्लूच्या मधात हायफन टाका.