फोटो एडिट करताना फिट स्क्रीनवर बघून ओके म्हणायचं की १००% वर जाऊन?

टिळकवाडी_स्टुडिओ
मंडळी, सरळच लिहितो. आपल्या बेळगाव, खानापूर, निपाणी पट्ट्यात स्टुडिओत बसणारी बरीच पोरं फोटोशॉपमध्ये फाईल उघडली की कंट्रोल शून्य मारतात, म्हणजे फिट ऑन स्क्रीन, आख्खा फोटो स्क्रीनवर मावेल एवढा, आणि मग तिथंच स्किन साफ करणं, तिथंच शार्पन, म्हणजे कडा टोकदार करणं, तिथंच सेव्ह. हे बंद व्हायला पायजे. लग्नाच्या अल्बमचं १२ बाय ३६ इंचाचं शीट ३०० पीपीआयला, म्हणजे इंचाला ३०० पिक्सेल धरून, १०८०० बाय ३६०० पिक्सेल होतं. फुल एचडी स्क्रीन आडवा १९२०, त्यातनं बाजूची पॅनल वजा करा, मग ते शीट तुम्हाला दिसतं साधारण १५ टक्क्यांना. म्हणजे आडव्या सहा-सात पिक्सेलांचा मिळून एक पिक्सेल तुमच्यासमोर येतोय, त्यात शार्पनची पांढरी कड कुठनं दिसणार?

मागच्या सीझनला एक छापून आलेला अल्बम हातात घेऊन बघितला. नवरीच्या नथीतल्या प्रत्येक मोत्याभोवती पांढरी रेघ, मुंडावळ्यांना तीच, कपाळावरच्या बारीक केसांना तीच, आणि गालावर त्वचा म्हणून काही शिल्लकच नाही, नुसता मेणाचा लेप. पैसे देऊन आयुष्यभरासाठी घेतलेली वस्तू आहे हो ती. माझं म्हणणं एवढंच, शार्पन आणि नॉइज (फोटोतले दाणे) १०० वर बघून ठरवा, फारतर ५० वर. ३३, ६७ असल्या अडनिड्या टक्क्यावर ठरवू नका.

फ्लेक्सवाला_बेळगाव
अण्णा, तुमचं अल्बमपुरतं असेल, पण "बंद व्हायला पायजे" हे सगळ्यांना कसं लागू करालाय? आमच्याकडं मंडळाचा १० बाय ८ फुटाचा बॅनर येतो, ७२ पीपीआयला ८६४० बाय ६९१२. तो चन्नम्मा सर्कलला लागणार, माणूस गाडीवरनं जाता जाता बघणार. त्याला १०० टक्क्यावर बघून मी काय करू? गणपतीच्या सोंडेचा तुकडा दिसतो फक्त. बॅनर हा आख्खा बघायचा असतो की, मूर्ती कुठं, मंडळाचं नाव कुठं, नेत्यांच्या फोटोंची रांग कुठं बसली, कुणाचं डोकं मोठं झालं कुणाचं बारीक, हे सगळं फिटवरच कळतंय.

आणि दुकानाच्या पाट्या घ्या. २०२४ च्या कायदा दुरुस्तीनंतर पाटीवर ६० टक्के कन्नड पायजे आणि तेही वरच्या भागात. आता हे ६० टक्के झूम करून मोजणार काय? आख्खी पाटी डोळ्यासमोर असली तरच वरचा भाग केवढा, खालचं मराठी-इंग्रजी केवढं ते दिसतं. बारीक बघत बसणारी पोरं दोन-दोन तास एका नाकावर घालवतात आणि इकडं मशीन रिकामं. डिलिव्हरी कोण देणार मग?

टिळकवाडी_स्टुडिओ
लेआउट फिटवर बघा, त्याला माझी ना कुठाय? पण फ्लेक्सचंच धरून बोलू. ६९१२ उंचीची फाईल हजारेक पिक्सेल उंचीच्या स्क्रीनवर फिट केली की १४ टक्क्यांना दिसते. खाली कार्यकर्त्यांची नावं असतात, एक इंच उंचीची धरा, म्हणजे फाईलमध्ये ७२ पिक्सेल. फिटवर ती उरतात १० पिक्सेल. त्यातला अनुस्वार दीड-दोन पिक्सेलांचा ठिपका. शिंदेचा शिदे झाला, पंडितचा पडित झाला तरी तुमच्या डोळ्याला पत्ता लागत नाही, आणि बॅनर लागल्यावर पहिला फोन त्याच माणसाचा येतो. कन्नडमध्ये तर अक्षराच्या खाली बसणारं ओत्तक्षर असतं, फॉन्ट बदलताना ते तुटलं किंवा खालच्या ओळीत घुसलं तर १४ टक्क्यांना नुसता काळा डाग दिसतो, चूक दिसत नाही. आपण मराठी माणसं, कन्नड वाचायला आधीच जरा थांबून वाचतो. तिथं झूम नको म्हणताय?

फ्लेक्सवाला_बेळगाव
नावं तपासायला झूम करतोच की, ते प्रूफ रीडिंग झालं. मी बोलालोय ते एडिटिंगबद्दल.

शहापूरकर
तुम्ही दोघं भांडताय त्यात एक गोष्ट राहून जातेय. टक्का म्हणजे साइज नव्हे. १०० टक्के म्हणजे फाईलमधला एक पिक्सेल स्क्रीनच्या एका पिक्सेलवर, एवढंच. कागदावर ते केवढं येणार याचा त्याच्याशी संबंध नाही. २४ इंची फुल एचडी मॉनिटरवर एका इंचात साधारण ९२ पिक्सेल बसतात. मग ३०० पीपीआयचा अल्बम १०० वर बघितला की तो खऱ्या साइजच्या तिपटीहून जास्त मोठा दिसतो. आणि तुमचा ७२ चा फ्लेक्स १०० वर बघितला की खऱ्यापेक्षा थोडा बारीकच दिसतो. म्हणजे स्टुडिओवाल्यांचं १०० आणि फ्लेक्सवाल्यांचं १०० ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, तरी दोघं एकच आकडा धरून बसलेत.

माझं मत असं की गिऱ्हाईक जे हातात धरणार त्या साइजला बघा. फोटोशॉपमध्ये व्ह्यू मेनूत प्रिंट साइज आहे, पण ते नीट चालायला आधी प्रेफरन्सेसमध्ये युनिट्स अँड रुलर्सला जाऊन स्क्रीन रिझोल्युशनमध्ये तुमच्या मॉनिटरचा आकडा भरावा लागतो, माझ्यासारखा मॉनिटर असेल तर ९२. मग स्क्रीनवर पट्टी लावून बघा, इंचाला इंच जुळलं पायजे. तिपटीने मोठ्या दिसणाऱ्या गालावरची प्रत्येक रंध्र पुसत बसलं की मेणच होणार! लोक १०० वर, २०० वर जाऊन घासतात म्हणून चेहरे प्लास्टिकचे होतात, फिटवर बघितलं म्हणून नाही.

टिळकवाडी_स्टुडिओ
शहापूरकर, स्किनबद्दल तुमचं अर्धं पटतं. २००-३०० वर घासणं चूकच, डाग काढायला आत जायचं आणि लगेच बाहेर यायचं. पण प्रिंट साइजला ३०० ची फाईल दिसते ३१ टक्क्यांच्या आसपास, म्हणजे तिथंही सॉफ्टवेअर पिक्सेल एकत्र करूनच दाखवतंय. प्रिंटरकडं जाताना पूर्ण पिक्सेल जातात, तुम्हाला दिसलेले ३१ टक्के जात नाहीत. रेघ किती जाड आली ते तिथं ठरवता येत नाही. अक्षराची साइज, चेहऱ्याची साइज बघायला प्रिंट साइज उत्तम, शार्पनला नाही. यावर मी हटणार नाही.

चिकोडी_फोटो
लॅपटॉपवाल्यांचा पण विचार करा जरा. १३६६ बाय ७६८ च्या स्क्रीनवर पॅनल उघडी ठेवून फोटोला उरतं कितीसं, त्यात १०० टक्के म्हणजे नुसता एक डोळा आणि अर्धी भुवई. म्हणून मी टॅब, म्हणजे एकाच विंडोत सगळ्या फाईली, हे बंदच केलंय, प्रेफरन्सेस, वर्कस्पेस, तिथलं ओपन डॉक्युमेंट्स ॲज टॅब्ज काढून टाकलं, सगळ्या फाईली सुट्ट्या विंडोत. आणि टूल्समधलं झूम रिसाइझेस विंडोज चालू. झूम केलं की विंडोपण फोटोबरोबर मोठी होते, कमी केलं की आकसते, चार पोझ शेजारी-शेजारी ठेवून कलर जुळवता येतो. टॅबमध्ये एक दिसतो बाकीचे लपतात. २००८ ला फोटोशॉपच्या सीएस४ व्हर्जनमध्ये टॅब आले तेव्हापासून लोकांनी सुट्ट्या विंडो वापरणं सोडलं, ते मला पटलेलं नाही.

अनगोळ_डिझाईन
दादा, सुट्ट्या विंडो ठीक आहेत पण ते झूम रिसाइझेस विंडोज तेवढं काढा हो. मी ब्रश धरून कानाजवळ काम करत असते आणि झूम दाबला की आख्खी विंडो फुगून लेयरच्या पॅनलखाली सरकते, मग ती परत ओढून जागेवर आणा. विंडो जागेवर राहिली पायजे, आतला फोटो हलला पायजे. स्पेसबार दाबून हाताने सरकवायचं, आल्ट धरून माऊसचं चाक फिरवायचं, संपलं. जागा कमी पडते तर टॅब की दाबा, पॅनल सगळी गायब होतात, परत दाबली की येतात, एफ दाबून फुल स्क्रीन. लहान लॅपटॉपवर मी असंच करते आणि १०० वर चेहरा बऱ्यापैकी बसतो. पासपोर्टला तर हा वादच लागत नाही, ३५ बाय ४५ मिमी म्हणजे ३०० ला ४१३ बाय ५३१ पिक्सेल, १०० वर आख्खा मावतो.

चार पोझ जुळवायच्या असतील तर विंडो मेनूत अरेंजमध्ये टाइल करा आणि तिथंच मॅच झूम, मॅच लोकेशन आहे. चारही फोटो एकाच टक्क्याला, एकाच जागेवर येतात.

चिकोडी_फोटो
मॅच लोकेशन वापरतो ताई. पण विंडो फुगलेली मला आवडते, कडेची राखाडी रिकामी जागा डोळ्याला नको वाटते. ते मी ठेवणार.

संकेश्वर_लिनक्स
गिंप, म्हणजे फुकट मिळणारं फोटो एडिटिंगचं सॉफ्टवेअर, वापरणाऱ्यांसाठी पण लिहून ठेवतो. २.८ पासून, म्हणजे २०१२ पासून सिंगल विंडो मोड आहे, म्हणजे सगळं एकाच विंडोत, २.१० मध्ये तो आपोआप चालू येतो. १ दाबलं की १०० टक्के, कंट्रोल शिफ्ट जे ने फिट. वर शहापूरकर म्हणाले त्या प्रिंट साइजसाठी व्ह्यूमधलं डॉट फॉर डॉट (पिक्सेलला पिक्सेल दाखवणं) काढा, मग तो फाईलच्या रिझोल्युशनप्रमाणे दाखवतो. आणि ते चालू की बंद हे लक्षात ठेवा, नाहीतर १०० लिहिलेलं दिसेल आणि समोर पिक्सेलला पिक्सेल नसेल.

शहापूरकर
हे महत्त्वाचं बोललात. विंडोजमध्ये पण डिस्प्ले स्केलिंग, म्हणजे स्क्रीनवरचं सगळं मोठं करून दाखवायची सेटिंग, १२५ किंवा १५० टक्क्यांना असेल तर तीच फाईल ब्राउझरमध्ये मोठी आणि मऊ दिसते आणि फोटोशॉपच्या १०० वर बारीक आणि टोकदार. गिऱ्हाईक म्हणतं फोटो फाटतोय, आपण म्हणतो माझ्याकडे बरोबर आहे, दोघंही खरं बोलत असतात.

अनगोळ_डिझाईन
आणि एकाच फाईलच्या दोन विंडो उघडा की. अरेंजमध्येच सगळ्यात खाली न्यू विंडो फॉर असं फाईलचं नाव येतं. एकीत फिट, दुसरीत १००. एकात ब्रश मारला की दुसऱ्यात तिथल्या तिथं दिसतो, फाईल एकच असते. फ्लेक्सवाल्यांना आख्खा बॅनर दिसतो, स्टुडिओवाल्यांना मोती दिसतात.

फ्लेक्सवाला_बेळगाव
हे करून बघितलं आत्ता. दुसरा मॉनिटर असेल तर चांगलं आहे, एकाच स्क्रीनवर दोन विंडो ठेवल्या की बॅनर अजून बारीक होतो, ७-८ टक्क्यांवर जातो, मग माझं आख्खं बघणंच गेलं. मी फिटवरच काम करणार, शेवटी नावांच्या पट्टीसाठी १०० वर जाऊन डावीकडनं उजवीकडं एक चक्कर मारणार, कन्नड ओळीसाठी शेजारच्या कन्नड येणाऱ्या पोराला बसवणार. शार्पन मी फ्लेक्सला करतच नाही, त्यामुळं तुमचा तो नियम माझ्याकडं येत नाही.

टिळकवाडी_स्टुडिओ
चक्कर मारणार म्हणालात, तेवढं बास आहे मला. पण अल्बमच्या पोरांना हे सांगू नका, त्यांना शार्पन रोजचं आहे. त्यांनी कंट्रोल १ दाबून, म्हणजे १०० टक्क्यावर जाऊनच, सेव्ह करावं. फोटोशॉपच्या जुन्या व्हर्जनमध्ये कंट्रोल १ ने रंगाचा चॅनल बदलतो, तिथं कंट्रोल आल्ट शून्य.