आरसी (रिमोटवर चालणाऱ्या) गाड्यांच्या शर्यतीत फेऱ्या मोजायची सोय कशी करावी? (पुणे, मुरमाचा ट्रॅक)

धायरीकर

नमस्कार मंडळी. धायरीजवळ एका ओळखीच्या गृहस्थांच्या मोकळ्या प्लॉटवर मुरूम टाकून, रोलर फिरवून आम्ही छोटा ट्रॅक केला आहे. रविवारी संध्याकाळी जमतो. बहुतेक गाड्या १/१० मापाच्या इलेक्ट्रिक बग्गी, थोडे शॉर्ट कोर्स ट्रक. एका हीटमध्ये, म्हणजे एका वेळच्या शर्यतीत, सहा ते आठ गाड्या असतात. चांगल्या हाताला एक फेरी १८ ते २० सेकंदांत बसते.

आत्ता प्रत्येक गाडीमागे एक माणूस बसतो. मोबाइलवर स्टॉपवॉच, वहीत रेघा. दोन गाड्या एकत्र आल्या, त्यातली एक उलटली आणि सगळे ओरडायला लागले की वह्या जुळत नाहीत. मागच्या हीटमध्ये सातवीतल्या एका मुलीची फेरी कुणाच्याच वहीत सापडली नाही. तिच्या गाडीने रेघ ओलांडलेली तिने पाहिली होती, मीही पाहिली होती, पण निकाल वहीवरून लागला. ती पुन्हा आली तर तिची प्रत्येक फेरी मोजली जायला हवी, म्हणून इथे विचारतोय.

इन्फ्रारेड घ्यावं की जमिनीत तार पुरून चालणारं ट्रान्सपॉन्डरवालं (गाडीतून तिचा नंबर पाठवणारं छोटं यंत्र)? सगळ्यांची वर्गणी धरून वीसेक हजार जमतील. प्लॉटवर लाइट नाही, कारच्या बॅटरीवर इन्व्हर्टर लावतो. लॅपटॉप आहे.

वाकड_ड्रिफ्ट

जगभर मोठ्या शर्यतींत चालतं ते मायलॅप्सचं, म्हणजे नेदरलंड्सची पूर्वीची एएमबी. ट्रॅकखाली तारेचा लूप, गाडीत ट्रान्सपॉन्डर, टेबलावर त्याचा नंबर वाचणारा डिकोडर. काम चोख, पण नवा डिकोडरच लाखांत जातो, वर कस्टम ड्यूटी, आणि प्रत्येक गाडीचा ट्रान्सपॉन्डर हजारोंत. तुमच्या वर्गणीत बसणार नाही.

आम्ही सोसायटीच्या बेसमेंटमध्ये तयार इन्फ्रारेड किट वापरतो. तिथे ऊन येत नाही, त्यामुळे फारसा त्रास नाही. फक्त जुन्या ट्यूबलाइटच्या बरोब्बर खाली रिसीव्हर ठेवला की तो वेडंवाकडं वाचतो. हलवला की ठीक. उघड्या मैदानावर कसं चालतं, ते जाणकारांनी सांगावं.

कर्वेनगर_लॅब

धायरीकर, मी पॉलिटेक्निकच्या इलेक्ट्रॉनिक्स प्रयोगशाळेत नोकरी केली, आता निवृत्त आहे. भाच्याच्या आरसी ग्रुपची मोजणी मीच बघते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

काहीही विकत घेण्याआधी मोजणीची रेघ कुठे मारायची ते ठरवा. माझ्या मते निम्मं काम तिथेच होतं. उडीच्या लगेच पुढे नको. तिथे गाडी हवेत असते, तिरकी असते, आणि कुठलाही सेन्सर अशा गाडीला हमखास वाचत नाही. ट्रॅक वळून शेजारून परत येतो तिथेही नको, नाहीतर पलीकडच्या पट्ट्यातली गाडी अलीकडे मोजली जाईल. चालवणारे उभे राहतात त्यांच्या समोर, सरळ भागात, वळणातून गाड्या नुकत्या बाहेर पडतात तिथे रेघ घ्या. वेग अजून पूर्ण आलेला नसतो. दोन्ही बाजूंना पाइप टाकून तिथे ट्रॅक दोन मीटरपर्यंत अरुंद करा. गाड्या आपोआप सरळ जातात आणि सेन्सरही कमी लागतात.

स्टॉपवॉचबद्दल. डोळ्याने पाहून बोट दाबेपर्यंत माणसाला साधारण ०.२ सेकंद लागतात. ताशी ३० किलोमीटरने जाणारी गाडी तेवढ्यात दीड मीटरहून पुढे गेलेली असते, म्हणजे चार बग्ग्या एकामागे एक लावल्या तर जेवढी लांबी होईल तेवढी. आणि हा उशीर प्रत्येकाचा वेगळा असतो. म्हणून वही कितीही प्रामाणिकपणे लिहिली तरी अटीतटीचा निकाल तिच्यावर लावू नये.

तुमच्या पैशांत इन्फ्रारेडच बसेल, आणि ते घरी बनवता येतं. सामान सगळं तापकीर गल्लीत मिळतं. गाडीत एटीटाइनी ८५ ही छोटी चिप आणि एक इन्फ्रारेड एलईडी बसवायचा. प्रत्येक गाडीचा नंबर वेगळा, आणि एलईडी तो ३८ किलोहर्ट्झवर लुकलुकत सारखा पाठवत राहतो. वर कमान, कमानीत टीव्हीच्या रिमोटसाठी असतात तसे टीएसओपी जातीचे ३८ किलोहर्ट्झचे रिसीव्हर. एलईडी ९४० नॅनोमीटरचाच मागा. दुकानदार सीसीटीव्हीसाठी वापरतात तो ८५० चा देऊ करेल. तो घेऊ नका, हे रिसीव्हर ९५० च्या आसपास सगळ्यात चांगलं पाहतात. एलईडी चालू आहे का, हे मोबाइलच्या पुढच्या कॅमेऱ्यातून बघा. डोळ्यांना न दिसणारा उजेड तिथे जांभळट दिसतो.

उन्हाचा उपाय म्हणजे रिसीव्हरची तोंडं खाली. बाजूला खांब लावून आडवं बघायला लावलं तर धायरीत संध्याकाळचं ऊन थेट आत शिरेल. कमान जमिनीपासून एक मीटर उंच करा आणि प्रत्येक रिसीव्हर २० मिलिमीटरच्या वायरिंगच्या पाइपात सात सेंटिमीटर आत बसवा. पाइपाला आतून काळा रंग द्या. मग गाडीच्या टपाच्या उंचीवर त्याला फक्त पंचवीसेक सेंटिमीटरचा गोल दिसतो. दोन मीटरच्या रुंदीला असे आठ पाइप लागतील. प्रत्येक रिसीव्हर आर्डुइनो नॅनो या छोट्या कंट्रोलर बोर्डाच्या वेगळ्या पिनला जोडा. सगळे एका तारेवर एकत्र केले की शेजारून जाणाऱ्या दोन गाड्यांचे नंबर एकमेकांत मिसळतात.

ताशी ३० च्या वेगाने गाडी तो गोल ३० मिलीसेकंदांत पार करते. तेवढ्यात नंबर किमान एकदा तरी पुरता वाचला गेला पाहिजे. एक नंबर पाठवायला ६ मिलीसेकंद, आणि पुढच्या आधी ३ ते ८ मिलीसेकंदांची थांबण्याची वेळ ठेवा, ती दर वेळी वेगळी. ही वेळ वेगळी ठेवणं फार महत्त्वाचं आहे. सारखी ठेवली आणि एकाच पाइपाखाली दोन गाड्यांचे सिग्नल एकदा एकमेकांवर पडले, तर ते पडतच राहतात. शिवाय टीएसओपीला न थांबता सिग्नल मिळाला की तो त्याला गोंगाट समजतो आणि स्वतःची संवेदनशीलता उतरवतो. म्हणून बंद पडलेली गाडी कमानीखाली ठेवू नका, मार्शलला (उलटलेल्या गाड्या सरळ करणाऱ्याला) तसं बजावून ठेवा.

गाडीतल्या सर्किटला वीज गाडीच्याच रेडिओ रिसीव्हरच्या रिकाम्या पोर्टमधून घ्या, पण सरळ नको. बऱ्याच गाड्यांचा बीईसी (रेडिओ रिसीव्हरला वीज देणारा भाग) ६ व्होल्ट देतो, काहींचा ७.४. एटीटाइनीची मर्यादा ५.५ व्होल्ट आहे. आणि व्होल्टेज उतरवायला ७८०५ हा रेग्युलेटर लावू नका, त्याला वरून किमान ७ व्होल्ट लागतात, ६ वर तो नीट चालत नाही. एचटी ७३३३ लावा आणि चिप ३.३ व्होल्टवर चालवा. एलईडीसाठी वेगळा ट्रान्झिस्टर. आणखी एक: एटीटाइनीचं आतलं घड्याळ कारखान्यातून येतं तेव्हा १० टक्क्यांपर्यंत चुकीचं असू शकतं. मग ३८ चे ३५ किलोहर्ट्झ होतात आणि पल्ला घटतो. प्रत्येक चिप मोजून जुळवून घ्या. मल्टिमीटरवर फ्रिक्वेन्सी दाखवायची सोय असली तरी पुरे.

बग्गी_नवी

ताईंशी सहमत. मी लूपवाल्या ट्रॅकवर मार्शल म्हणून काम केलं आहे, म्हणून पुढेमागे पैसे जमले तर उपयोगी पडेल एवढं सांगतो.

लूप म्हणजे ट्रॅकच्या आडव्या रुंदीत पुरलेल्या दोन समांतर तारा, साधारण ३० सेंटिमीटर अंतरावर. एका टोकाला ४७० ओहमचा रेझिस्टर, दुसऱ्या टोकाकडून कोएक्स केबल डिकोडरला. तुमचा मुरूम यासाठी उत्तम. चार बोटं खोल चर काढायचा, तार ठेवायची, बुजवायचा. काँक्रीटच्या स्लॅबवर मात्र खालची सळई सिग्नल खाते, त्यामुळे वाकडच्या बेसमेंटमध्ये हे अवघड गेलं असतं. ट्रान्सपॉन्डर गाडीत खालच्या बाजूला, आडवा बसवायचा, आणि त्याच्या व जमिनीच्या मध्ये कार्बन फायबर किंवा अॅल्युमिनियमची पट्टी येऊ द्यायची नाही. फेऱ्या गळतात त्यातल्या बऱ्याच इथेच गळतात.

जुन्या पद्धतीच्या ट्रान्सपॉन्डरचे सिग्नल वाचणारे घरगुती डिकोडर काही हौशी लोकांनी बनवले आहेत आणि त्यांचे आराखडे सगळ्यांसाठी खुले ठेवले आहेत. हात बसला की तिकडे बघा. सॉफ्टवेअरसाठी झेडराउंड पाहा, त्याला बऱ्याच जातींचे डिकोडर जोडता येतात.

धायरीकर

ताई, दादा, मनापासून आभार. रेघेची जागा आजच बदलली, आमची नेमकी मोठ्या उडीपुढे होती. इन्फ्रारेडच करतो.

दोन शंका आहेत. बग्गीच्या बॉडीत एलईडी कुठून बाहेर काढू? मुलांनी रंगवलेल्या बॉड्या आहेत, त्यांना भोक पाडायला जीव होत नाही. आणि वेळ लॅपटॉपने मोजायची की आर्डुइनोने?

कर्वेनगर_लॅब

बॉडी लेक्सनची असेल ना? म्हणजे पॉलिकार्बोनेट. ते इन्फ्रारेडला अडवत नाही, आतून दिलेला रंग अडवतो. नवी बॉडी रंगवताना टपावर रुपयाएवढा गोल मास्किंग टेपने झाकून ठेवा, एलईडी त्याच्या खाली, तोंड वर. रंगवलेल्या बॉडीवर तेवढाच रंग आतून हळू खरवडता येतो. काम मुलांनाच करू द्या, ती आपली गाडी आपल्यापेक्षा जपतात. हीटच्या आधी तो गोल ओल्या फडक्याने पुसायचा नियम करा. मुरमाची धूळ पहिल्या दोन फेऱ्यांतच बसते.

वेळ आर्डुइनोनेच मोजायची. लॅपटॉपला फक्त गाडीचा नंबर आणि आकडा पाठवायचा. यूएसबी आणि विंडोज मध्ये किती थांबतील याचा भरवसा नसतो. त्या २५ सेंटिमीटरमध्ये नंबर दोनदा वाचला गेला तर पहिल्या आणि शेवटच्या वाचनाच्या मधली वेळ धरा, म्हणजे एलईडी बरोबर पाइपाखाली असतानाची वेळ मिळते.

आर्डुइनोच्या काही बोर्डांवर घड्याळासाठी क्रिस्टलऐवजी सिरॅमिक रेझोनेटर असतो. तो अर्ध्या टक्क्याने चुकू शकतो, म्हणजे पाच मिनिटांत दीड सेकंद. त्या दिवसाच्या निकालाला धक्का लागत नाही, कारण सगळ्या गाड्या एकाच घड्याळावर असतात. पण ट्रॅकचा विक्रम लिहून ठेवणार असाल, तर बोर्ड बदलला की जुने आकडे नव्यांशी जुळणार नाहीत. त्यासाठी डीएस ३२३१ हे घड्याळाचं मॉड्यूल लावून बोर्ड त्याच्याशी जुळवून घ्या. त्याची चूक दहा लाखांत दोन भाग, पाच मिनिटांत एक मिलीसेकंदही नाही.

धायरीकर

समजलं. शर्यतीचे नियमही सांगाल का? आम्ही दहा फेऱ्या ठरवून जो आधी पोहोचेल तो पहिला, असं करतो. हळू गाडीवाल्यांच्या शेवटच्या फेऱ्या सगळे गाडी आवरत असताना होतात, कुणी बघत नाही.

कर्वेनगर_लॅब

मग फेऱ्या ठरवू नका, वेळ ठरवा. इलेक्ट्रिकसाठी पाच मिनिटं चांगली. पाच मिनिटं झाली की चालू असलेली फेरी प्रत्येकाने पूर्ण करायची, रेघ ओलांडली की त्याची शर्यत संपली. निकाल लिहायचा तो "१५ फेऱ्या, ५ मिनिटं ११.४२ सेकंद" असा. आधी फेऱ्या बघायच्या, त्या सारख्या असतील तर वेळ. सगळ्यात हळू गाडीसुद्धा बाकीच्यांबरोबर वीसेक सेकंदांच्या आतबाहेर संपते, आणि तिला काही आकडा मिळतोच. पुढच्या रविवारी त्या मुलांना स्वतःच्याच आकड्याशी खेळता येतं.

पात्रता फेरीत गाड्या एकेक करून सोडा आणि प्रत्येकीचं घड्याळ ती पहिल्यांदा रेघ ओलांडेल तेव्हा सुरू करा. फायनलमध्ये सगळ्या एकत्र, घड्याळ एकच.

कमीत कमी फेरीची वेळ सॉफ्टवेअरमध्ये १२ सेकंद ठेवा. तुमची चांगली फेरी १८ ची आहे, त्यामुळे खरी फेरी कधी कापली जाणार नाही, आणि रेघेजवळ उलटलेली गाडी पुन्हा सुरू करताना दोनदा मोजली जाणार नाही. ट्रॅक बदललात तर हा आकडाही बदला, लोक इथे विसरतात.

वही मात्र चालू राहू द्या. आठ माणसं नकोत, दोन पुरेत. एकाने नुसते नंबर मोठ्याने म्हणायचे, गाडी ज्या क्रमाने रेघ ओलांडेल त्या क्रमाने, आणि दुसऱ्याने ते लिहायचे. वेळ लिहू नका. यंत्राने एखादी फेरी सोडली तर आकड्यांत १९ च्या जागी ३८ दिसेल. त्या ठिकाणी वहीत तो नंबर आहे का बघायचं, आणि असला तर फेरी दोन भागांत मोजायची. हा नियम शर्यतीआधी सगळ्यांना वाचून दाखवा, म्हणजे नंतर कुणाच्या शब्दावर काही अवलंबून राहत नाही. त्या मुलीला नंबर म्हणायच्या कामावर बसवा एखाद्या हीटला. तिला आवडेल असं वाटतं.

पहिल्यांदा लावाल तेव्हा शर्यत ठेवू नका. एकच गाडी घ्या, आठही पाइपांखालून एकेक करून, आधी हळू आणि मग पूर्ण वेगाने न्या. जो पाइप चुकेल त्याचा रिसीव्हर जरा वर-खाली करा. प्रोग्रॅम लिहिताना अडलात तर इथेच टाका, मी रोज संध्याकाळी बघते.