केटामाइनला हो म्हणण्याआधी डॉक्टरांना एवढं विचारा

ताई, भावाला नैराश्यावरच्या दोन औषधांनी गुण आला नाही आणि आता नाशिकच्या डॉक्टरांनी केटामाइन सुचवलंय, हे तुमच्या पोस्टमध्ये वाचलं. वरच्या एका प्रतिक्रियेत कुणीतरी ‘ते घोड्यांचं भुलीचं औषध’ म्हणून घाबरवलंय. जनावरांना देतात हे खरं, पण अमेरिकेत माणसांच्या भुलीसाठी त्याला १९७० पासून मान्यता आहे. नैराश्यासाठी डोस बराच कमी असतो: वजनाच्या दर किलोला साधारण अर्धा मिलिग्रॅम, सलाईनमधून ४० मिनिटांत.

नेहमीच्या गोळ्यांना काही आठवडे लागतात, याचा गुण काही तासांत किंवा दुसऱ्या दिवशी दिसू शकतो. मनात आत्महत्येचे विचार येत असतील तर हा वेळ फार मोलाचा, म्हणून मी याच्या बाजूने आहे. पण एका डोसचा परिणाम बहुधा आठवड्या-दोन आठवड्यांत ओसरतो. मग पुढे काय, गोळ्या आणि समुपदेशन कसं चालू ठेवणार, हे आधीच विचारून घ्या.

औषध चालू असताना बीपी वाढतं, आपण शरीरापासून सुटे झालोय असंही वाटू शकतं. नंतर दोनेक तास देखरेख ठेवायची सोय नसेल तिथे त्याला नेऊच नका. पूर्वी कधी भास झाले असतील तर डॉक्टरांपासून लपवू नका. आणि सिन्नरहून येणार म्हणताय, तर परतताना गाडी तुम्हीच चालवा.

तोवर रात्री-अपरात्री त्याला फारच असह्य झालं तर १४४१६ लावा. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा मोफत नंबर आहे, मराठीतही बोलतात.